फौजी लो बॉनेट जीप: विलीज एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू बाळगणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील जीप घरी आहे किंवा घ्यायची इच्छा आहे, अशा मंडळींकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात चेसिसवरील नंबर आणि आरसी बुक यांपासून व्हायला हवी, कारण बिघडलेले इंजिन दुरुस्त होते, पण जुळत नसलेले कागद बहुधा कायमचे तसेच राहतात. म्हणून खालील उत्तरांत कागदांचा विषय पुन्हा पुन्हा येईल.

लो बॉनेट जीप म्हणजे नेमकी कोणती?

आपल्याकडे सपाट, ठेंगण्या बॉनेटच्या सर्वच जुन्या जीपना लो बॉनेट म्हटले जाते. युद्धकाळातली अस्सल फौजी जीप मात्र दोनच नावांनी बनली: विलीज-ओव्हरलँड कंपनीची एमबी आणि त्याच आराखड्यावर फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू. १९४१ ते १९४५ या काळात विलीजने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार गाड्या तयार केल्या. त्याआधी २३ सप्टेंबर १९४० रोजी बँटम या लहानशा कंपनीने अमेरिकी लष्कराच्या होलाबर्ड तळावर पहिला नमुना पोहोचवला होता. ज्या कंपनीने वाट दाखवली, तिच्या वाट्याला फार थोड्या गाड्यांचे काम आले, ही गोष्ट या गाडीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

युद्धानंतर आलेल्या सीजे-२ए आणि सीजे-३ए या नागरी जीपही लो बॉनेटच आहेत, पण त्या फौजी नव्हेत. सीजे-३बी ही उंच बॉनेटची, म्हणजे आपली हाय बॉनेट. तिच्या इंजिनाची उंची वाढल्यामुळे बॉनेट वर उचलावे लागले.

या गाड्या भारतात कशा आल्या?

दोन वाटांनी. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आसाम आणि बंगालमध्ये मित्रराष्ट्रांच्या सैन्याचा मोठा साठा होता, लेडोपासून रस्ता बांधला जात होता आणि त्या सगळ्या कामात जीप अखंड राबत होती. युद्ध संपल्यावर त्यातला बराच माल येथेच विकला गेला. चहाचे मळेवाले, कंत्राटदार, संस्थानिक आणि सरकारी खाती यांच्याकडे त्या जीप गेल्या आणि तेथून हात बदलत देशभर पसरल्या.

दुसरी वाट मुंबईची. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीचे नाव १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाले. तिने माझगाव येथे विलीजच्या नागरी जीप जोडायला घेतल्या. पुढे याच घराण्यातील सीजे-३बी भारतीय सैन्याच्या हाती आली. १९६५ च्या युद्धात पंजाबमधील असल उत्तर या गावी परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने शत्रूचे रणगाडे टिपले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. म्हणून "फौजी जीप" म्हणून विकायला आलेली गाडी युद्धकाळातली एमबी आहे की नंतरची भारतीय बनावटीची, हा पहिला प्रश्न विचारावा. दोन्ही जपण्याजोग्या आहेत, पण दोन्हींची किंमत, सुटे भाग आणि ओळखखुणा वेगळ्या आहेत.

अस्सल एमबी किंवा जीपीडब्ल्यू कशी ओळखावी?

समोरून पाहा. फौजी जीपच्या दाबून बनवलेल्या ग्रिलमध्ये नऊ उभ्या फटी असतात, तर नागरी सीजेमध्ये सात. अगदी सुरुवातीच्या सुमारे २५ हजार विलीज गाड्यांना लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून बनवलेली ग्रिल होती. ती मिळाली तर दुर्मीळ समजावी. फौजी जीपचे हेडलाइट लहान आणि ग्रिलच्या आत बसवलेले असतात. ते बिजागरीवर मागे उलटवून इंजिनावर प्रकाश टाकता येतो, म्हणजे रात्री बॉनेट उघडून काम करता येते.

मागून पाहा. फौजी जीपला मागे उघडणारे फळके नसते आणि स्टेपनी मागच्या पत्र्यावर असते. नागरी सीजेला मागचे फळके उघडते आणि स्टेपनी बाजूला लागते. फौजी जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असून सीट उचलल्याशिवाय पेट्रोल भरता येत नाही. सीजेमध्ये टाकीचे तोंड बाहेरून असते.

आता खाली वाकून चेसिस पाहा, कारण वरचा पत्रा कोणीही बनवू शकतो. मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीपच्या नव्या बॉड्या उत्तम बनतात आणि तशी गाडी घेण्यात वाईट काहीच नाही, फक्त ती नवी बॉडी आहे हे विकणाऱ्याने सांगायला हवे आणि किंमतही त्याप्रमाणे हवी. विलीजच्या चेसिसचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तर फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा चौकोनी. फोर्डने आपल्या अनेक भागांवर आणि बोल्टच्या माथ्यावर "एफ" हे अक्षर उमटवले होते, त्यामुळे फोर्डची गाडी बोल्टांवरूनही बोलते. व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर भरायला हवा. मोजपट्टी खिशात असू द्यावी.

चेसिस नंबर कुठे असतो?

विलीजमध्ये पुढच्या बंपरच्या मागे, चेसिसच्या डाव्या दांड्याच्या आतल्या बाजूस रिव्हेट केलेल्या लहान पट्टीवर. त्यात "एमबी" ही अक्षरे आणि पुढे आकडा असतो आणि ही मालिका १००००१ पासून सुरू झाली. फोर्डमध्ये डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठभागावर नंबर थेट ठोकलेला असतो. अनेक गाड्यांत तो रंग, लांबी (पुट्टी) आणि ग्रीसच्या थराखाली दडलेला असतो. घाईने ग्राइंडर मारू नये, थिनर आणि तारेचा मऊ ब्रश वापरून सावकाश उघडा करावा. खरवडताना पुसला गेलेला नंबर परत मिळत नाही.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. फोर्डच्या जीपमध्ये कारखान्यातून निघताना चेसिस आणि इंजिन यांचा नंबर एकच असे, तर विलीजमध्ये ते मुळातच वेगळे असत. म्हणून विलीजच्या आरसी बुकात दोन वेगळे आकडे दिसले म्हणून इंजिन बदलले आहे असे समजू नये. उलट विलीजच्या बुकात दोन्ही ठिकाणी तोच आकडा दिसला, तर कोणत्यातरी कारकुनाने एकच नंबर दोन्ही रकान्यांत लिहिला असण्याची शक्यता तपासावी.

लष्करी डिस्पोजलची जीप घेताना कोणते कागद हवेत?

लष्कराच्या वापरातील गाड्यांची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० नुसार वेगळी होते. ती गाडी संरक्षणाच्या कामातून निघाली की तिची कलम ४० नुसार नेहमीप्रमाणे आरटीओत नोंदणी करावी लागते. म्हणजे लिलावाची विक्रीपावती, गाडी ताब्यात दिल्याचा कागद आणि त्यानंतरचे नागरी आरसी बुक अशी साखळी असायला हवी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी डिस्पोजल झालेल्या गाडीचे मूळ कागद बहुधा हरवलेले असतात, पण आरसी बुक असेल आणि त्यातील नंबर चेसिसशी जुळत असेल, तर पुढे जाता येते.

आरसी बुक नसलेली, "कागद नंतर करून देतो" या शब्दावर विकली जाणारी जीप घेऊ नये, मग पत्रा कितीही देखणा असो. मी स्वतः एकदा अशा गाडीच्या मोहात पडलो होतो. विकणाऱ्याने दाखवलेले बुक दुसऱ्याच एका जीपचे निघाले आणि ते केवळ चेसिसवरचा थर काढून पाहिल्यामुळे कळले. त्या दिवशी अर्धा तास घालवला नसता तर दुसऱ्याची गाडी माझ्या अंगणात उभी राहिली असती.

नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी गाडी तपासणीस न्यावी लागते. महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरण किती वर्षे राहिले आहे आणि थकबाकी किती आहे, हे किंमत ठरवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

जीप वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहे. काय करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, कारण अशा जीप घराण्यातच राहतात आणि कोणी नाव बदलायच्या फंदात पडत नाही. नियमाप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत वारसाने आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करण्याचा अर्ज करायचा असतो. ही मुदत उलटून वीस वर्षे झाली असली तरी प्रयत्न सोडू नये, मात्र मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, इतर वारसांची लेखी संमती आणि विलंबाचा दंड या सगळ्याची तयारी ठेवावी. भावंडांची संमती आज सहज मिळत असेल तर आजच घ्यावी. पुढच्या पिढीत सह्या करणाऱ्यांची संख्या वाढते आणि गाडीची किंमतही.

व्हिंटेज नोंदणी करून घ्यावी का?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकी आणि चारचाकी वाहने त्यात येतात. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि आधीच नोंदलेल्या गाडीच्या पुनर्नोंदणीचे ५ हजार रुपये ठरवले गेले, आणि प्रमाणपत्र १० वर्षांसाठी असते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" ही अक्षरे येतात.

याची दुसरी बाजूही समजून घ्यावी. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती बाहेर काढता येते. ज्यांना रविवारी सकाळी मुलांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचे असते, त्यांनी जुनी नोंदणी जिवंत ठेवून तिचे नूतनीकरण करत राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची जीप मूळ स्थितीत आहे आणि वर्षातून चार-पाच वेळाच निघते, त्यांच्यासाठी व्हिंटेज नोंदणी चांगली.

फौजी गाडीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ५० वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजली जातात. जीप १९४३ ची असली, पण तिची नागरी नोंदणी फार उशिरा झाली असेल, तर कागदावर ती तितकी जुनी दिसत नाही. म्हणूनच वर सांगितलेली डिस्पोजलची साखळी सांभाळून ठेवायची असते.

स्टीअरिंग डावीकडे आहे. रस्त्यावर चालते का?

चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार डाव्या हाताच्या स्टीअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विजेवर चालणारे इशारा देणारे साधन असणे आवश्यक आहे. मूळ जीपला इंडिकेटर नव्हते, तेव्हा ते बसवावेच लागतात. मूळ पत्र्याला नवी भोके न पाडता, बंपरवर आणि मागच्या ब्रॅकेटवर क्लँपने बसवावेत. ओव्हरटेक करताना शेजारी बसणाऱ्याचे डोळे लागतात, म्हणून सोबतीला जाणते माणूस घ्यावे.

मूळ लष्करी हिरवा रंग देता येतो का?

मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. अमेरिकी ऑलिव्ह ड्रॅब आणि आपल्या सैन्याचा हिरवा या छटा शौकिनाला वेगळ्या दिसतात, पण नाक्यावरच्या हवालदाराने तो फरक ओळखावा अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. हा नियम मला मनातून टोचतो, कारण या जीपला तोच रंग शोभतो. तरीही तो पाळावा, कारण सैन्याच्या गाडीशी साधर्म्य असलेली गाडी छावणीच्या किंवा सीमेच्या परिसरात खरोखर गोंधळ निर्माण करू शकते. वाळूचा रंग, राखाडी किंवा गडद निळा हे पर्याय आहेत. रंग बदलल्यास आरसी बुकात नोंद करून घ्यावी. नंबर प्लेटवर बाण काढणे किंवा बॉनेटवर भारतीय लष्करी धाटणीचे आकडे लिहिणे पूर्णपणे टाळावे.

डिझेल इंजिन बसवलेली जीप घ्यावी का? माझ्या जीपला बसवावे का?

पेट्रोल महाग पडू लागले तसे आपल्याकडे हजारो जीपना इंटरनॅशनल ट्रॅक्टरचे किंवा पुढे प्यूजो घराण्यातले डिझेल इंजिन बसले. त्या काळच्या मालकांना दोष देता येत नाही. गाडी पोटासाठी चालत होती आणि त्या बदलामुळेच कितीतरी जीप भंगारात जाण्यापासून वाचल्या.

आज मात्र नव्याने हा बदल करू नये. मूळ इंजिन २१९९ सीसीचे, चार सिलिंडरचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले, ६० अश्वशक्तीचे आहे. गाडीचे गिअरबॉक्स, हौसिंग (म्हणजे अॅक्सल) आणि पुढचे पाटे त्या इंजिनाच्या वजनाला आणि जोराला जुळवलेले आहेत. जड डिझेल इंजिनाने पुढचे पाटे बसतात, स्टीअरिंग जड होते आणि तीन गिअरच्या नाजूक टी-८४ गिअरबॉक्सवर ताण येतो. शिवाय इंजिन बदलणे हा कलम ५२ खालचा फेरफार आहे, त्याला परवानगी लागते, आणि बदललेल्या इंजिनावर व्हिंटेज नोंदणीचे दार बंद होते. आधीच डिझेल झालेली आणि बुकात तशी नोंद असलेली जीप स्वस्तात मिळाली, तर ती वापरण्यासाठी जरूर घ्यावी. फक्त मूळ इंजिनाचा शोध त्याच दिवसापासून सुरू ठेवावा.

सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्ट करावी का?

सहा व्होल्ट वाईट नसते, बारीक वायरी आणि गंजलेली अर्थिंग वाईट असतात. सहा व्होल्टला दुप्पट अँपिअर लागतात, म्हणून स्टार्टरची केबल जाड हवी, कारच्या बाजारात मिळणारी नेहमीची बारा व्होल्टची केबल पुरत नाही. बॅटरीपासून चेसिसला आणि चेसिसपासून इंजिनला अशा दोन स्वच्छ अर्थ पट्ट्या घाला. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या "स्टार्ट होत नाही" तक्रारी एवढ्यानेच मिटल्या आहेत. सहा व्होल्टची बॅटरी गावात मिळत नसेल आणि गाडी नियमित चालवायची असेल, तर बारा व्होल्ट करणे समजण्यासारखे आहे. मूळ डायनामो आणि कटआउट मात्र फेकू नयेत, तेल लावून पेटीत ठेवावेत.

आजचे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल चालते का?

या इंजिनाचे कॉम्प्रेशन ६.४८ इतके कमी आहे, त्यामुळे आपले साधे पेट्रोल ऑक्टेनच्या दृष्टीने पुरेसे आहे. महाग पेट्रोलाने काही फायदा होत नाही. अडचण इथेनॉलची आहे. ते पाणी ओढून घेते, जुने रबर फुगवते आणि पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरवते. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे बसवावेत, टाकीनंतर एक पारदर्शक फिल्टर घालावा आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा.

चालवताना कोणती काळजी घ्यावी?

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे दात सहज जुळवणारी रचना) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये. चढावर दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचेच असेल, तर क्लच दोनदा दाबून मध्ये अॅक्सिलरेटर देण्याची सवय करावी.

चार चाकांचा जोर फक्त चिखल, वाळू किंवा सैल दगडांवर घ्यावा. या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीत, मधला डिफरन्शिअल नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळण घेतले की पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि तो ताण क्रॉस (शाफ्टचे सांधे), शाफ्ट व गिअरच्या दातांवर येतो. लो रेंज पुढचा हौसिंग जोडल्याशिवाय लागतच नाही. ती रचना मुद्दाम केलेली आहे, लिव्हर जबरदस्तीने ओढू नये.

हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर लागतो. म्हणजे मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शिअलमुळे हँडब्रेक गाडी धरून ठेवत नाही. पंक्चर काढताना चाकांना दगड लावल्याशिवाय जॅक लावू नका. पायाचा ब्रेक चारही चाकांना आहे, पण एकाच सर्किटचा. एक पाइप फुटला की सगळा ब्रेक जातो. म्हणून वरंध किंवा आंबेनळीसारखा घाट उतरताना दुसरा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर उतरावे आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे.

डॅशवरची पट्टी ताशी ६५ मैलांची मर्यादा सांगते. ती नव्या गाडीसाठी होती. ताशी ६० ते ७० किलोमीटरवर ही जीप सुखाने चालते आणि तेवढ्यावरच तिची मजा आहे.

ताशी ५० किलोमीटरच्या पुढे स्टीअरिंग थरथरते. का?

आधी टायरचा समतोल आणि हवा पाहा. त्यानंतर मधला बेलक्रँक हलवून पाहा. चेसिसच्या मध्यभागी असलेल्या या भागाची पिन आणि बेअरिंग झिजली की दोन्ही टाय रॉड सैल होतात, आणि बहुतेक मिस्त्री स्टीअरिंग बॉक्स घट्ट करत बसतात. बॉक्स अति घट्ट केला तर आतला कॅम खराब होतो. किंग पिनची बेअरिंग आणि पुढच्या पाट्यांचे बुश शेवटी तपासावेत.

लढाऊ रिम दोन अर्ध्यांची, नटांनी जोडलेली असते. टायरमध्ये हवा असताना ते नट कधीही सैल करू नयेत, रिम उडून माणूस दगावू शकतो. टायरवाल्याला हे प्रत्येक वेळी स्वतः सांगावे.

सुटे भाग कुठे मिळतात?

ब्रेक लायनर, क्लच प्लेट, रिंगा, गॅस्केट, क्रॉस हे भाग आजही मिळतात, कारण महिंद्राच्या जुन्या जीपशी यातले बरेच जुळते. कुर्ल्याचा बाजार, पुण्याचा जुना बाजार आणि दिल्लीचे मायापुरी येथे चक्कर मारावी. मूळ मीटर, फौजी लाइट, टी-८४ चे गिअर हे भाग मात्र परदेशातून मागवावे लागतात किंवा दुसऱ्या मालकाशी अदलाबदल करावी लागते. जुना भाग हातात घेऊन जावे, नुसत्या नावाने मागितला तर चुकीचाच मिळतो.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात जीप कशी ठेवावी?

प्लास्टिकचे आवरण घट्ट बांधू नये, त्याखाली ओल कोंडते आणि पत्रा उघड्यावर ठेवल्यापेक्षा लवकर सडतो. वर छप्पर आणि बाजूने वारा हवा. मे महिन्यात चेसिसच्या पोकळ दांड्यांतील माती प्रेशरने धुऊन काढावी, कडक उन्हात वाळू द्यावी आणि आत तेल फवारावे. फ्लोअरच्या खालचे, लाकूड भरलेले पन्हळीचे दांडे सर्वांत आधी सडतात, कारण ते लाकूड पाणी धरून ठेवते. बॅटरीची तार काढावी, हँडब्रेक सोडून चाकांना उटी (अडसर) लावावी, क्लचचे पेडल लाकडी दांडक्याने दाबून ठेवावे म्हणजे प्लेट चिकटत नाही. दर पंधरा दिवसांनी दांडके काढून, तार जोडून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवावे आणि जागच्या जागी गाडी हातभर पुढे-मागे सरकवावी. पाच मिनिटे चालू करून बंद केलेल्या इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठते, म्हणून वेळ नसेल तर त्या दिवशी सुरूच करू नये.